न ऐकू येणारा सांधा

फोनवर माणसं जे बोलतात ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणं, साफ करणं आणि हवं तेवढं कापून-जोडून देणं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. धारूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तो चालतो. बाहेर पाटी नाही. पाटीवर काय लिहायचं हे मला आणि पेंटरला दोघांनाही सुचलं नाही, आणि पुढे तिची गरजही पडली नाही. "फोनवाले काका कुठं राहतात?" म्हटलं की स्टँडवरचा कुणीही घर दाखवतो.

त्याआधी बत्तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. त्या नोकरीबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांचं म्हणणं होतं. पण खांबावरचं आयुष्य म्हणजे ऊन, तार आणि गांधीलमाशा. दोन पानांत आटपेल. खरी माणसं मला भेटली ती खांबावरून उतरल्यावर, या खोलीत. त्यातलं एक प्रकरण मनातून जात नाही, ते इथे लिहून टाकतो. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. मुलीने पुण्यात नवा घेतला तेव्हा जुना इकडे पाठवला, तोच. शेजारी साबणाच्या डबीत मी स्वतः बसवलेली एक पेटी आहे. टेलिफोनची तार तिच्यात एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने एक वायर निघून कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात जाते. मध्ये बोटभर ट्रान्सफॉर्मर. त्याचं काम एवढंच, की आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि तारेतली वीज अडवायची. अशा पेट्या मी बऱ्याच लोकांच्या घरी बसवून दिल्या. घरचे फोन कमी झाले तेव्हा मोबाइलला जोडायची वायर केली. आता बऱ्याच मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की मोबाइलमधली बाई पलीकडच्याला तसं सांगून टाकते, त्यामुळे लोक पुन्हा माझ्या डबीकडे वळले. मी प्रत्येकाला बजावून सांगतो, की समोरच्याला कल्पना द्या. प्रत्येक जण मान डोलावतो आणि कुणीही कल्पना देत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये नेहमीची अडचण अशी, की ज्याच्या घरी पेटी असते त्याचा आवाज नगाऱ्यासारखा येतो आणि पलीकडच्याचा बारीक. ते दोन्ही सारखे करणं, मागची खरखर काढणं, खोकले काढणं, ही माझी कारागिरी. आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा दिसतो. माणूस बोलला की डोंगर, थांबला की दरी. कापायचं ते दरीत. डोंगरावर कापलं तर शब्द तुटतो आणि ऐकणाऱ्याला ठेच लागते. माझं कापलेलं कुणाला कळत नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बीडच्या एका वकिलाने मुद्दाम परीक्षा घेतली होती. सहा ठिकाणी कापलेली फाइल त्याने चारदा ऐकली आणि दोन ठिकाणं दाखवली. दोन्ही चुकीची होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. नांदूरघाटकडचे एक गृहस्थ आले. भावाशी बांधावरून वाजलं होतं आणि भावाने फोनवर शिव्या दिल्या होत्या. त्या नीट ऐकू येत नव्हत्या. "काका, शिव्या जरा मोठ्या करा," म्हणाले. केल्या. दोन महिन्यांनी तेच गृहस्थ त्याच भावाला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. दोघांनी खोलीत बसून त्या शिव्या पुन्हा ऐकल्या, हसले आणि पुसून टाकायला लावल्या. त्यांनी चहाही प्यायला, माझ्याकडचाच.

दुसरं एक कोर्टातलं प्रकरण होतं. रेकॉर्डिंग झकास झालं होतं, पण वकिलाने परत पाठवलं. कारण अख्ख्या बारा मिनिटांत कोण बोलतंय याचा पत्ता नाही. आपल्याकडे फोनवर नाव सांगायची पद्धतच नाही. "हॅलो." "कोण?" "मी हाय." "बोला." झालं. एवढ्यावर माणसं जमिनी विकतात आणि सोयरिकी ठरवतात. तेव्हापासून मी पेटी बसवताना सांगायला लागलो, की फोन आला की आधी समोरच्याचं नाव तोंडाने घ्या. लोकांना त्याची लाज वाटते. "पाव्हण्याचं नाव त्येंच्या तोंडावर घेऊ व्हय?" असं मला विचारतात.

आता करीमभाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढची चूक त्यांच्या शिकवणीतून झाली. तीत त्यांचा काही दोष नाही. करीमभाई माझे पहिले जमादार. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला घाटातल्या खांबावर चढवलं आणि तपासायचा फोन हातात दिला. तारेला चिमटे लावले की कानात कुणाचं तरी बोलणं यायचंच. मी नवा होतो, ऐकत राहिलो. एक नवरा-बायको भांडत होते. खालून करीमभाईंनी तार हलवली आणि ओरडले, "मियाँ, आवाज सुनो, बाताँ नको सुनो." खाली उतरल्यावर त्यांनी नीट सांगितलं. लाइन चालू आहे की नाही हे आवाजावरून कळतं, त्यासाठी काय बोलतायत ते कळायची गरज नाही. लोक आपल्या भरवशावर बोलतात. ज्या दिवशी ऐकायला लागलास त्या दिवशी खांबावर चढू नकोस.

मी ती सवय अशी लावून घेतली, की पुढे पुढे मला प्रयत्न करावा लागेना. कानात दोन माणसं बोलत असायची आणि मला फक्त खरखर, गूंज, चढ-उतार कळायचे. शब्द पाण्यासारखे वाहून जायचे. घरी कॉम्प्युटरवर काम सुरू केलं तेव्हा तेच तत्त्व ठेवलं. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर मिनिटं आणि सेकंद लिहून द्यायचे. मी तेवढं कापणार, जोडणार, देणार. आत काय बोलणं आहे त्याच्याशी माझा संबंध नाही. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. माझी दुसरी सवय अशी, की आलेली मूळ फाइल मी कधी पुसत नाही. गिऱ्हाईक स्वतः येऊन पुसा म्हणालं तरच पुसतो. नवी लाइन चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी तार काढायची नाही, हे खात्यातलं वळण.

अप्पासाहेब आले ते हिवाळ्यात. घाटाखालच्या एका गावात त्यांचं वजन आहे. सरपंच त्यांच्या घरातलाच, म्हणजे कारभार तेच बघतात. त्यांच्या घरी पेटी मीच बसवली होती. घरच्या फोनवर आलेला-गेलेला प्रत्येक कॉल त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरायचा. पुढाऱ्यांमध्ये तेव्हा ती फॅशनच होती. ते पेनड्राइव्ह घेऊन आले, खुर्चीत बसले आणि चिठ्ठी पुढे केली. सात मिनिटांच्या कॉलमधले दोन तुकडे हवे होते, एक पाच-सहा सेकंदांचा आणि दुसरा त्याहून लहान. दोन्ही एकापुढे एक जोडायचे.

"बाकीचं घरगुती हाय, काका," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडं दिलं असतं तर त्यानं कान लावून ऐकलं असतं. तुमचं तत्त्व मला म्हाईत हाय, म्हणून तुमच्याकडं आलो."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

काम अवघड होतं. बोलणारी बाई मोटर चालू असलेल्या खोलीतून बोलत होती आणि मागे घरघर होती. आपल्याकडची वीज कमी-जास्त होते, तशी मोटरची घरघरही चढते-उतरते. पहिल्या तुकड्यातली घरघर जाड होती, दुसऱ्यातली पातळ. नुसतं जोडलं असतं तर सांध्यावर उडी ऐकू आली असती. मी कॉलमधल्याच एका रिकाम्या जागेवरची नुसती घरघर उचलली आणि सांध्याखाली हलकी पसरली. सांधा निदान चाळीस वेळा वाजवून पाहिला. प्रत्येक वेळी बाईचा आवाज माझ्या कानावरून जात होता. ती काय म्हणतेय ते तुम्ही मला त्या क्षणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. अप्पासाहेबांनी तुकडा ऐकला, पाठ थोपटली आणि गेले.

आठवडाभराने मी काही कामाने केजला गेलो होतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर तिघे जण मोबाइलवर काहीतरी ऐकत होते, पुन्हा पुन्हा. मोटरची घरघर माझ्या कानावर पडली आणि मी ओळखली. आपला सांधा आपल्याला कळतो. मी कान दिला. घरघरीत कुठे उडी नाही, काही नाही, एकसारखी. पहिल्यांदा मनात आलं, की काम झकास झालंय. आणि मग, त्या आठ-दहा सेकंदांच्या शेवटी, मला बोलणं ऐकू आलं.

"नऊ दिस झाले, वस्तीचा व्हॉल्व्ह मी उघडला न्हाई. माझं काय करायचं ते करा."

"लई माजलीय बे ही," त्यांतला एक म्हणाला. "लेकरं पाण्यावाचून मारते आन् वर ही भाषा."

मी विचारलं, कोण बाई? त्यांनी हौसेने सगळं सांगितलं. अप्पासाहेबांच्या गावाबाहेर मेंढपाळांची वस्ती आहे. तिथे नऊ दिवस नळाला पाणी आलं नाही. वस्तीतल्या लोकांनी तालुक्याला जाऊन तक्रार केली. चौकशी लागली. गावात पाणी सोडायचं काम लिंबाजी नावाच्या माणसाकडे, पण त्याची बायको शिवकन्या मध्ये लुडबुड करते आणि तिनेच खुन्नस काढायला पाणी तोडलं, असं गावाचं म्हणणं. पुरावा म्हणून हे रेकॉर्डिंग. आता ग्रामसभा होणार, विस्तार अधिकारी येणार, आणि सगळ्यांसमोर तिला जाब विचारला जाणार. वस्तीतल्या बायका तर तिला बघून घेऊ म्हणतायत. चहा तसाच ठेवून मी गाडी पकडली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. माझी बायको वत्सला फार बोलत नाही. ती म्हणाली, "मूळ फाइल आहे ना? ऐका मग."

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाची आहे. मी ऐकत नसतो."

"कापताना ऐकलं नाही, ते काय कमी झालं?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी सात मिनिटं ऐकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं तारेवर ऐकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते असं होतं. शिवकन्येने पंपाच्या खोलीतून अप्पासाहेबांना फोन केलेला. ती म्हणते, "साहेब, तुमी सांगितलं म्हणून नऊ दिस झाले, वस्तीचा व्हॉल्व्ह मी उघडला न्हाई. आता उघडू द्या. लेकरं हायेत तिथं. मेंढरं तर दुसरीकडं नेतील, लेकरं कुठं नेतील?" अप्पासाहेब म्हणतात, मी सांगेपर्यंत बंदच ठेवायचा, मतं कुठं टाकली ते त्यांना कळू दे. ती गयावया करते. मग अप्पासाहेबांचा आवाज खाली येतो. "लिंबाजीला किती दिसतं ते मला ठावं हाय, शिवकन्या. पगार त्येच्या नावावर आन् व्हॉल्व्ह फिरवतीस तू. वर कळवू का?" इथे बराच वेळ नुसती मोटरची घरघर आहे. सांध्याखाली पसरायला मी उचलली होती ती हीच. मग ती म्हणते, "माझं काय करायचं ते करा, पण लेकरांचं पाणी तोडू नका." आणि फोन बंद होतो.

संताप अप्पासाहेबांचा आला, हे खरं आहे, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. "तुमी सांगितलं म्हणून" हे तीन शब्द मी कापले होते. "पण लेकरांचं पाणी तोडू नका" हेही मीच कापलं होतं. आणि इतकं सुबक, की ते वाक्य तिने सलग म्हटलंय याबद्दल कुणाला शंका येऊ नये.

फाइल गिऱ्हाइकाची, ती तिसऱ्याला दाखवायची नाही, हा माझा नियम. पण लाइनमनला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तारेला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना ती सारखीच जोडलेली असते. शिवकन्या तिसरी नव्हती. तो कॉल जितका अप्पासाहेबांचा, तितकाच तिचा होता. एवढं ठरायला मला एक दिवस लागला. लागायला नको होता.

मी तिच्या गावी गेलो. पंपाच्या खोलीबाहेर ती बसली होती. चाळिशीच्या आतली, काटक, हातात व्हॉल्व्हची लांब चावी. तिच्या शेजारी लिंबाजी बसला होता, मान एका बाजूला कलती करून, आवाजाच्या दिशेने. मी कोण ते सांगितलं. कापलं मी, हेही सांगून टाकलं. ती ओरडली असती तर मला हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला वाटलं मीच आसं बोलले आसंल. लई डोकं लावलं. आठवंना."

दुसऱ्या दिवशी ती धारूरला आली, एकटीच. वत्सलाने तिला पाणी दिलं. मी सगळा कॉल लावला. स्वतःचा खरा आवाज ऐकताना तिने पदर तोंडाशी धरला होता. "बरोबर, आसंच बोलले," असं दोनदा म्हणाली. लिंबाजीच्या डोळ्यांचं आलं तेव्हा तिने हात पुढे केला, जणू पडद्यावर झाकण ठेवायचं होतं. कॉल संपल्यावर तिने विचारलं, "काका, एवढं त्येंच्या डोळ्याचं काढता येतंय का? तुमाला येतंय म्हणं. कुणाला कळत बी न्हाई म्हणं."

माझ्या कारागिरीची कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती.

मी म्हणालो, "येतं. पण मग तोही तुकडाच होईल. अप्पासाहेबांचा एक तुकडा आणि आपला एक. कुणाचा खरा, हे कोण ठरवणार?"

"म्हंजी सगळंच वाजवायचं."

"सगळं, नाहीतर काहीच नाही."

तिला पेच लगेच कळला. मला सांगावंही लागलं नाही, इतका तो उघड होता. नऊ दिवस पाणी का बंद ठेवलं, याचं कारण धमकी. आणि धमकीत काय होतं, तर लिंबाजीला दिसत नाही हे. अब्रू वाचवायची तर नोकरी उघडी पडते, नोकरी झाकायची तर अब्रू जाते. घरात एवढीच नोकरी. दोन वर्षांपूर्वी लिंबाजीची नजर जायला लागली तेव्हा तिने चावी हातात घेतली, आणि गावाने विचारलं तर त्याची कंबर धरलीय असं सांगत आली. लिंबाजी पंपाच्या खोलीत बसायचा, नजर असल्यासारखा. मोटरच्या आवाजावरून टाकी किती भरली ते तो अचूक सांगायचा, हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मग ती उठली. "त्येंना इचारते," म्हणाली. तीन दिवस काही निरोप नव्हता. चौथ्या दिवशी फोन आला. "मी हाय. घेऊन या मशीन."

मशीन म्हणजे मी अख्खं मशीन नेलं. पेनड्राइव्ह नेला असता तर कुणीही म्हणालं असतं, की काकांनी रस्त्यात काहीतरी केलं. कॉम्प्युटरचा डबा, पडदा, दोन स्पीकर आणि वायरींचं भेंडोळं टेम्पोत गोधडीवर ठेवलं आणि गाव गाठलं. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. विस्तार अधिकारी टेबलाशी, अप्पासाहेब त्यांच्या शेजारी. एका बाजूला वस्तीतली माणसं, पुढे त्यांचे म्हातारे बिरूआबा, काठी मांडीवर आडवी धरून. शिवकन्या आणि लिंबाजी भिंतीपाशी.

आधी तुकडा वाजला, कुणाच्या तरी मोबाइलवर. कुजबुज झाली. मग मी उभा राहिलो. खांबावर चढायला मला कधी भीती वाटली नाही, पण त्या दिवशी वाटली. मी म्हणालो, "हे मी कापलेलं आहे. अप्पासाहेबांच्या चिठ्ठीवरून, न ऐकता कापलं. मूळ बोलणं या मशीनमध्ये आहे, जसं आलं तसं. बाईंची परवानगी आहे. ऐका."

अप्पासाहेब म्हणाले, "काका, ही माझ्या घरची फाइल हाय. तुमी विश्वासघात करताय."

"करतोय," मी म्हणालो. "आधी बाईंचा केला, आता तुमचा."

अधिकाऱ्यांनी वाजवायला सांगितलं. "तुमी सांगितलं म्हणून" हे शब्द स्पीकरमधून आले तेव्हा वस्तीतल्या बायकांच्या माना वळल्या. मतांचं आलं. पुढे अप्पासाहेबांचा आवाज खाली यायच्या जरा आधी शिवकन्या भिंतीपासून पुढे आली.

"थांबवा, काका."

मी थांबवलं. मला वाटलं, तिचा धीर सुटला, आणि मी तिला दोष देणार नव्हतो.

ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली. "फुडं जे हाय ते ह्या साहेबांच्या तोंडून कशापायी ऐकायचं? मी सांगते. माझ्या मालकाला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. त्येंची कंबर चांगली हाय, मी खोटं बोलले. व्हॉल्व्ह मी फिरवते. नोकरी जाईल म्हणून दडवलं. त्याच भ्यानं नऊ दिस तुमच्या लेकरांचं पाणी बंद ठिवलं. ते बी खरं हाय, ते मी केलंच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता वाजवा."

मी वाजवलं. धमकी सगळ्यांनी ऐकली. ती लांबलचक घरघर ऐकली. "पण लेकरांचं पाणी तोडू नका" ऐकलं. लिंबाजी भिंतीपाशी उभा होता आणि बायको नेमकी कुठे उभी आहे ते कळेना म्हणून मान इकडे-तिकडे करत होता.

बिरूआबा काठीवर भार देऊन उठले. "दोन वर्सं पाणी कोण सोडतंय ते आमाला म्हाईत न्हाई व्हय, पोरी?" ते म्हणाले. "डोळं त्येचं गेल्यात. आमचं न्हाई."

मग पटांगणभर लोक बोलायला लागले. सगळ्यांनाच ठाऊक होतं. रोज सकाळी रस्त्याने चावी घेऊन जाणारी बाई दिसत होती, कळायला कितीसं लागतं? कुणी तोंडावर बोलून दाखवलं नव्हतं एवढंच. ज्या गोष्टीच्या भीतीने तिने नऊ दिवस पाणी बंद ठेवलं, ती गोष्ट फक्त कागदालाच ठाऊक नव्हती. अप्पासाहेबांना तेवढ्यात फोन आला. निदान त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि बोलत बोलत ते फाटकाबाहेर गेले.

कागदाने मात्र त्याचं काम केलं. अधिकारी भला माणूस होता, पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं त्याला शक्य नव्हतं. लिंबाजीचं नाव कमी झालं. सभेने तिथेच ठराव घेतला, की हे काम शिवकन्येच्या नावाने द्यावं, आणि त्यासाठी पहिला हात वस्तीतल्या बायकांनी वर केला. तरी कागद फिरायला चार महिने गेले. ते चार महिने ती पगाराशिवाय रोज पाणी सोडत राहिली, आणि तेही आधी वस्तीला, मग गावाला.

नेमणुकीचा कागद हातात आल्यावर दोघं आमच्या घरी आले. लिंबाजीला कॉम्प्युटर चालू केल्यावर आतला पंखा ऐकू आला. "ह्येचं बेअरिंग गेलंय, काका," तो म्हणाला. खरंच गेलं होतं. वत्सलाने पोहे केले. मी बराच वेळ धीर गोळा करत होतो. शेवटी मी शिवकन्येची माफी मागितली. करीमभाईंची शिकवण, माझी सवय, चिठ्ठीवरचे सेकंद, सगळं सांगितलं. मी कधीच कुणाचं बोलणं ऐकत नाही, हेही पुन्हा सांगितलं. एवढ्यानंतरही ते सांगताना माझा आवाज थोडा ताठच होता.

तिने बशी खाली ठेवली. "एक इचारू, काका? कापताना तुमी ऐकलं आसतं, तर कापलं आसतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ऐकत जावा," ती म्हणाली.